विस्मृतीची नोंद ठेवणारा वैद्य

चिकोडीच्या आमच्या जुन्या वाड्यात थोरल्या काकूंची अखेरची वर्षे गेली. त्या कोल्हापूरकडच्या, लग्न होऊन आल्यावर कानडी शिकल्या आणि बाजारात अस्खलित बोलू लागल्या. सत्तरीत एकेक कानडी शब्द त्यांना आठवेनासा झाला. मग आमटीत मीठ दोनदा पडू लागले आणि एके दिवशी बाजारातून घरी येण्याची वाटच त्या चुकल्या. साठी बुद्धी नाठी, असे म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले. तीन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा अल्झायमर हे नाव कानी पडले. ते ज्या गृहस्थांचे, त्यांचे चरित्र मी पुढे मिळवून वाचले आणि आमचे कोठे चुकले ते मला उमगले.

आलोइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील नोटरी होते. वैद्यकाचे शिक्षण संपवून १८८८ साली ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. दुसऱ्याच वर्षी फ्रान्झ निसल हे तेथे आले. मेंदूतील पेशी रंगवून पाहण्याच्या विद्येत निसल यांचा हातखंडा होता. दोघांची गट्टी जमली. दिवसभर रुग्ण पाहावेत आणि रात्री सूक्ष्मदर्शकापाशी बसावे, असा त्यांचा क्रम पडला.

१९०१ च्या आरंभी अल्झायमर यांच्या पत्नी सेसिली तीन लहान मुले मागे ठेवून निवर्तल्या. त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी ऑगुस्टे डेटर नावाच्या बाईंना रुग्णालयात दाखल करण्यात आले. वय अवघे ५१, पती रेल्वेत कारकून. पतीविषयी अकारण संशय येण्यापासून सुरुवात होऊन त्यांची स्मृती झपाट्याने ढासळली होती. अल्झायमर त्यांच्यासमोर बसले आणि साधेसाधे प्रश्न विचारून मिळेल ते उत्तर जसेच्या तसे लिहून घेऊ लागले. पतीचे नाव विचारले तर बाई स्वतःचेच सांगत. ताटात फ्लॉवर असता पालक खात असल्याचे सांगत. दाखवलेली वस्तू ओळखत, पण थोड्याच वेळात ती पाहिल्याचेही विसरत. एवढ्या तेवढ्या गोष्टी कोणी लिहून ठेवील काय? परंतु त्यांनी त्या ठेवल्या.

पुढे ते हायडेलबर्गला आणि तेथून १९०३ साली एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर म्युनिकला गेले. तेथे काही काळ त्यांनी बिनपगारी काम केले. विद्यार्थ्याच्या सूक्ष्मदर्शकावर ते वाकत तेव्हा हातातला चिरूट बाजूला ठेवीत आणि विसरत. संध्याकाळी प्रत्येक मेजावर एकेक थोटूक सापडे, अशी आख्यायिका आहे. या सर्व काळात फ्रँकफुर्टच्या त्या बाईंचा विसर मात्र त्यांना पडला नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी बाई वारल्या. अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू व कागदपत्रे मागवून घेतली. मेंदूचा बाह्यस्तर झिजलेला, पेशींच्या आत तंतूंचा गुंता झालेला आणि जागोजाग एका विचित्र द्रव्याचे कण साचलेले त्यांना आढळले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सर्व मांडले. सभेतील एकानेही प्रश्न विचारला नाही.

१९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. १९१२ साली ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. पण तिकडे जातानाच प्रकृती बिघडली ती पुरती सुधारली नाही. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. फ्रँकफुर्टला पत्नीशेजारी त्यांचे दफन झाले.

यानंतरची हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटते. बाईंचे वय कमी, म्हणून त्यांचे विसरणे रोग ठरले. वृद्धांचे विसरणे मात्र वार्धक्याचा धर्म म्हणून सोडून दिले गेले. तरुणांचा रोग व वृद्धांचा विसराळूपणा हे मुळात एकच, असे रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठासून लिहिले ते १९७६ साली! म्हणजे सत्तर वर्षे पाश्चात्त्य पंडितही साठी बुद्धी नाठी हेच म्हणत होते.

आज कळून चुकले आहे की मेंदूतील बिघाड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होतो. २०२५ साली अमेरिकेत त्याच्या निदानास साहाय्य करणाऱ्या रक्ततपासणीला मान्यता मिळाली. त्यापूर्वी लेकॅनेमॅब (२०२३) व डोनॅनेमॅब (२०२४) ही औषधे तेथे मान्य झाली होती. ती रोग बरा करीत नाहीत, त्याची गती थोडी मंदावतात. त्यांपासून मेंदूला सूज वा रक्तस्राव होण्याचा धोकाही आहे आणि ती द्यायची तर आरंभीच. शिवाय थायरॉईडची उणीव, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा मनाची उदासी यांमुळेही माणूस विसरू लागतो, आणि त्यांवर उपाय असतो. म्हणून लवकर तपासणी हवी.

काकूंना त्या तीन वर्षांत काय लाभ झाला असता हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. परंतु त्यांचा पहिला कानडी शब्द हरवला तो दिवस आमच्यापैकी कोणीच लिहून ठेवला नाही, ही रुखरुख मला आहे. आपल्या घरी कोणी वडीलधारे असे विसरू लागले, तर म्हण बाजूस ठेवावी, वही काढावी आणि डॉक्टरांकडे जावे.