दवाखान्याजवळ एक छप्पर हवं, हे गाडगेबाबांनी ७० वर्षांपूर्वीच ओळखलं होतं

मंगळवेढा, सांगोला किंवा करमाळ्याच्या एखाद्या खेड्यातून म्हाताऱ्या आईला उपचारासाठी मुंबईला न्यायचं ठरतं. डॉक्टरांची चिठ्ठी असते, रुग्णालयात खाटही मिळते. पण आईसोबत गेलेल्या मुलानं रात्री झोपायचं कुठं? आंघोळ कुठं करायची, दोन वेळचं जेवायचं कुठं? लॉजवर राहिलं तर औषधांचे पैसे भाड्यातच जातात. मग फुटपाथवर पथारी पडते, आणि चार दिवसांत सोबत आलेला माणूसच आजारी पडतो.

हा प्रश्न एका माणसानं फार पूर्वी ओळखला होता. तो डॉक्टर नव्हता, शाळेतही गेला नव्हता. हातात झाडू, अंगावर चिंध्या आणि डोक्यावर गाडग्याचं खापर, असा त्याचा वेश होता. गाडगेबाबांची ओळख आपल्याला स्वच्छता आणि कीर्तन एवढीच असते. पण म्हातारी, आजारी, अपंग माणसं आणि त्यांच्यासोबत वणवण करणारे नातेवाईक यांच्यासाठी त्यांनी जे उभं केलं, ती गोष्टही तेवढीच मोठी आहे. आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरात आहे.

देबू ते गाडगेबाबा

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूच्या व्यसनात गेले तेव्हा देबू अगदी लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या घरी देबूनं गुरं राखली, नांगर धरला. सावकाराच्या व्यवहारात शेतकऱ्याचं कसं वाटोळं होतं, हे त्यानं मामाच्याच शेतीवर पाहिलं.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. मुलगी झाली तेव्हा बारशाला दारू-मटणाची पंगत द्यायची रीत होती. देबूजींनी ती मोडून गोडाचं जेवण घातलं. ज्या घरानं दारूपायी बाप गमावला, त्या घरातला हा पहिला जाहीर नकार होता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९व्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. पण ते डोंगरात जाऊन बसले नाहीत. गावात शिरायचं, न सांगता रस्ते झाडायचे, गटारं मोकळी करायची, कुणाच्या तरी घरी भाकरी मागून खायची आणि रात्री कीर्तन करायचं, असा त्यांचा क्रम सुरू झाला. जेवायला आणि पाणी प्यायला एकच मातीचं भांडं होतं, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

आधी घाट, मग देव

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौष महिन्यात तिथं यात्रा भरते. तेव्हा नदीचा काठ म्हणजे नुसता चिखल होता. स्नानाला उतरणारी म्हातारी माणसं घसरायची, पडायची. उतारवयात एक पडणं किती महागात जातं, हे घरात ज्येष्ठ माणूस असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मांडीचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो, आणि त्यातून पुढची दुखणी सुरू होतात.

गाडगेबाबांनी आधी स्वतः काठ नीट करायला घेतला, मग लोकांना कामाला लावलं. १९०८ मध्ये तिथं पक्का घाट झाला. पुढे याच यात्रेत आंधळ्या, पांगळ्या आणि निराधार माणसांना जेवण आणि कपडे द्यायची प्रथा त्यांनी सुरू केली.

इथून त्यांच्या कामाची पद्धत दिसते. माणसाला जिथं जावंच लागतं, तिथं त्याला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, ते पाहायचं. मग तेवढी एक गोष्ट पक्की करून ठेवायची.

पंढरपूर : गर्दी, पाणी आणि पटकी

पंढरपूरची वारी म्हणजे आनंद, पण जुन्या काळी वारीसोबत भीतीही यायची. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रा आणि पटकीच्या साथी यांचं नातं इतकं जवळचं होतं की सरकारी कागदपत्रांत त्याची वारंवार चर्चा झाली. कारण साधं होतं. लाखो माणसं एका छोट्या गावात, राहायला जागा नाही, शौचाची सोय नाही, सगळं नदीकाठी. तेच पाणी अंघोळीला आणि तेच प्यायला. पटकीचे जंतू विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातात. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी काही तासांत निघून जातं, आणि म्हातारं शरीर हा धक्का सर्वांत कमी सोसतं.

गाडगेबाबा वर्षानुवर्षं पंढरपूरला येत राहिले. पण लोक विठ्ठलाच्या रांगेत असताना ते चंद्रभागेचं वाळवंट झाडत असत. रात्री त्याच वाळवंटात कीर्तन. विषय ठरलेले : दारू पिऊ नका, कर्ज काढून सण आणि यात्रा करू नका, देवापुढे मुकं जनावर कापू नका, पोरांना शाळेत घाला. ते उपदेश कमी करायचे आणि प्रश्न जास्त विचारायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं.

याच पंढरपुरात आणखी एक दुखणं होतं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना देवळात तर सोडाच, मुक्कामालाही जागा नव्हती. शेकडो मैल चालत आलेली म्हातारी माणसं उन्हापावसात उघड्यावर पडायची. त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा उभी केली. त्याला आता शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. ज्या संतांना देवळाच्या पायरीपाशीच थांबावं लागलं, त्यांच्या नावानं हे छप्पर झालं.

१९४९ मध्ये ही इमारत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आयुष्यभर मुलांना शिकवा म्हणून सांगणाऱ्या माणसाला, आपली धर्मशाळा शिक्षणाच्या कामी जातेय याचा आनंदच होता.

धर्मशाळा चालायची कशी?

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी त्यांच्या प्रेरणेनं धर्मशाळा झाल्या. पैसा कीर्तनातून आणि दात्यांकडून यायचा. पण त्यातला एक पैसाही बाबांच्या गाठीला राहिला नाही. इमारत झाली की ती विश्वस्तांच्या ताब्यात द्यायची, आपला किंवा आपल्या नातेवाइकांचा तिथं कसलाही हक्क ठेवायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. कुंताबाईंनाही या इमारतींचं सुख मिळालं नाही. या कठोरपणाची किंमत घरच्यांनी मोजली, हेही विसरता येत नाही.

१९२३ मध्ये एकुलता एक मुलगा गोविंदा गेला. बातमी पोहोचली तेव्हा बाबांचं कीर्तन चालू होतं. त्यांनी ते थांबवलं नाही, पूर्ण केलं.

पुढे या सगळ्या संस्था नीट चालाव्यात म्हणून १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. आपल्या पश्चात काम माणसाच्या नावावर न चालता व्यवस्थेवर चालावं, याची तजवीज त्यांनी हयातीतच केली.

मुंबई, १९५४

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांचं लक्ष यात्रेकरूंकडून रुग्णांकडे वळलं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात राज्यभरातून गरीब माणसं यायची. रुग्ण आत, नातेवाईक बाहेर रस्त्यावर. १९५४ मध्ये जे. जे.जवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. तेव्हा बाबा ७८ वर्षांचे होते.

हे काम आरोग्याचं का मानायचं? नातेवाईक जवळ आणि धडधाकट राहिला, तर रुग्णाला वेळेवर औषध मिळतं, घरचं माणूस दिसतं, उपचार अर्धवट सोडून गावी परतायची वेळ येत नाही. म्हातारा रुग्ण तर अनोळखी वॉर्डात लवकर गोंधळतो. ओळखीचा आवाज कानावर पडला की त्याला धीर येतो. गाडगेबाबांना हे कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. रस्त्यावर झोपणाऱ्यांमध्ये ते स्वतः आयुष्यभर झोपले होते.

शेवटचा प्रवास

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. प्रकृती ढासळली होती, तरी प्रवास थांबला नव्हता. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. वय ८० वर्षं. अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी बाबासाहेब गेले होते.

पुढे राज्य सरकारनं ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, अमरावती विद्यापीठही त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं.

आपल्या घरात ज्येष्ठ माणूस असेल, तर यातून काय घ्यायचं?

आधी शौचालय, मग पाण्याचा आग्रह. वय वाढलं की तहान कमी जाणवते. त्यात बाहेर शौचालयाची सोय नसली की अनेक म्हातारी माणसं, विशेषतः बायका, मुद्दाम पाणी पीत नाहीत. मग चक्कर, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग सुरू होतो. वारीला किंवा लग्नाला नेताना शौचालय कुठं आहे ते आधी पाहून ठेवा आणि त्यांना सांगा. पाणी ते आपोआप पितील.

घरातला घाट पक्का करा. न्हाणीघरातली निसरडी फरशी, अंधारा पॅसेज, उंबऱ्याजवळ दुमडलेलं पायपुसणं. ऋणमोचनचा चिखल आज आपल्या घरात असा असतो. एक आधाराची दांडी आणि रात्रीचा एक छोटा दिवा फार काम करतो.

राहण्याची चौकशी खाटेसोबतच करा. सोलापूरच्या सिव्हिलला जा की मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, तिथं समाजसेवा अधीक्षक कुठं बसतात ते विचारा. जवळची धर्मशाळा, मदत देणाऱ्या संस्था आणि सरकारी योजना यांची माहिती तिथं मिळते.

असलेल्या सोयी वापरा. ७५ वर्षांवरील प्रवाशांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मं तिकीट आहे. ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. त्यावर कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. अडचण, एकटेपणा किंवा घरात छळ होत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

कार्ड, तिकीट आणि हेल्पलाइन यांनी बराच भार हलका होतो. पण रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आजही एक चटई, एक नळ आणि एक ताट लागतं. आपल्या गावातल्या रुग्णालयाजवळ अशी सोय आहे का, हे एकदा विचारून पाहा. असेल तर ती माहिती गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. नसेल, तर मंडळाच्या पुढच्या वर्गणीचं काय करायचं, हा विषय बैठकीत काढता येईल.