समर्थ रामदास आणि देहाची निगा

आपल्या येळ्ळूरला तालीम आणि कुस्ती नवी नाही. पण तालमीतला मुलगा शरीर जपतो ते स्वतःच्या प्रेमापोटी की कर्तव्य म्हणून? समर्थ रामदासांच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म १६०८ साली रामनवमीला जांब (आता जालना जिल्हा) येथे झाला. बाराव्या वर्षी बोहल्यावर सावधान हा शब्द कानी पडताच ते पळाले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आपण तोच शब्द दर लग्नात ऐकतो, अक्षता टाकतो आणि पंगतीला बसतो! पुढे नाशिकजवळ टाकळीला त्यांनी बारा वर्षे तप केले. पहाटे सूर्यनमस्कार, दुपारपर्यंत नदीच्या पाण्यात उभे राहून जप आणि नंतर माधुकरी. नमस्कार रोज बाराशे, असे परंपरा सांगते. आकडा काहीही असो, जपाच्या जोडीला व्यायाम हवाच हा त्यांचा आग्रह कायम राहिला.

बारा वर्षे देश पाहून १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. चाफळला राममंदिर उभारले, गावोगाव मारुती बसवले. त्या प्रसिद्ध अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगाव येथील दोन कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे आपल्याला जवळच आहेत.

दासबोधात वीस दशक, दोनशे समास आहेत. पहिल्या दशकाच्या शेवटी नरदेहाची स्तुती येते. आणि तिसऱ्या दशकात? त्याच देहाचे गर्भवासापासूनचे हाल, शिवाय खरूज, नारू, देवी, गोवर अशी रोगांची लांबलचक यादी! वाचणारा गोंधळतो. पण समर्थांनी घराचा दाखला दिला आहे. आपण घर माझे म्हणतो, तर उंदीर, पाली, मुंग्याही ते आपलेच समजतात. देहही तसाच, पुष्कळांचा आणि थोड्या दिवसांचा. म्हणूनच तो धड आहे तोवर सत्कारणी लावायचा.

हा विचार जगात इतरत्रही झाला आहे. रोमच्या सेनेकाने पहिल्या शतकात एका पत्रात उताण्या पडलेल्या कासवाचे उदाहरण दिले. त्याला दुखत नसते, तरी पायांवर येईपर्यंत ते धडपडते. प्राण्याला आपल्या शरीराची जाण जन्मतःच असते, असे त्याला दाखवायचे होते. समर्थांचा समकालीन, हॉलंडचा स्पिनोझा (१६३२–१६७७) यानेही प्रत्येक वस्तू टिकून राहण्यासाठी झटते असे मानले. समर्थ मात्र टिकून काय करायचे, हे आधी विचारतात. मला तरी हा प्रश्न अधिक अवघड वाटतो.

अखेरची वर्षे त्यांनी सज्जनगडावर काढली. इतका जपलेला देह, पण शेवटच्या दिवसांत त्यांनी अन्न सोडले असे सांगतात. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे १६८२ च्या जानेवारीत, त्यांनी तिथेच देह ठेवला.