वेदीवरचा अग्नी : पंडिता रमाबाईंचे चरित्र

आगपेटी महाग होती त्या काळी आमच्या खेड्यांत घरची बाई रात्री निजण्यापूर्वी चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवीत असे. पहाटे राख सारून फुंकर घातली की विस्तव पुन्हा जागा होई. कोणाच्या घरचा विस्तव रात्रीतून विझलाच, तर शेजारच्या चुलीतला निखारा शेणीच्या तुकड्यावर मागून आणीत. ती रीत आता राहिली नाही. परंतु पवित्र शास्त्रात अग्नीविषयी जे शिक्षण आहे ते समजण्यास ही घरगुती गोष्ट आम्हांस फार उपयोगी वाटते.

लेवीयाच्या नवव्या अध्यायात असे सांगितले आहे की, अहरोनाने पहिली अर्पणे वेदीवर मांडली तेव्हा परमेश्वरापासून अग्नी निघाला व त्याने ती भस्म केली. तो अग्नी कोणा मनुष्याने पेटविला नव्हता. तथापि त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात याजकास आज्ञा आहे की, त्याने दररोज सकाळी त्या अग्नीवर लाकडे घालावी व तो कधीही विझू देऊ नये. अग्नी देवाचा, लाकडे मनुष्याची. ह्या दोन गोष्टींपैकी एकीचाच विचार केला म्हणजे मंडळीचे नुकसान होते. आम्ही खेडोपाडीच्या मंडळ्यांस भेटी देतो तेव्हा पुष्कळ ठिकाणी एकच प्रश्न कानी पडतो. वडिलांच्या काळी उपासनेत अग्नी होता असे म्हणतात, मग आमच्या उपासनेत तो का नाही? देवाने आम्हांस सोडिले काय? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास पंडिता रमाबाईंचे चरित्र फार योग्य आहे, कारण आपल्या महाराष्ट्रात ज्या ठिकाणी हा अग्नी पडला असे सर्व जण सांगतात त्या केडगावास लाकडे कोणी व किती वर्षे रचिली हे त्यावरून दिसून येते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणे लोकांस रुचत नसताही त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, ती विद्या शिकविली. आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी आपल्या धाकट्या मुलीस जागे करून तोच पाठ दिला. रमाबाई लहान असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, आणि देवळांतून पुराणे वाचून जे मिळेल त्यावर निर्वाह करू लागले. पुढे दुष्काळ आला. १८७४ मध्ये थोडक्याच दिवसांत वडील गेले, आई गेली, मागून बहीणही गेली. आईचे प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडीस हात दिला. उंची कमी पडल्यामुळे त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. मग भाऊ श्रीनिवास व त्या अशी दोघे शेकडो कोस पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हते म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणिले व मानेपर्यंत अंग वाळूने झाकून रात्र काढिली. दुष्काळातल्या पोरक्या मुलीची रात्र कशी असते हे ज्या बाईंना पुढे कोणी सांगावे लागले नाही, त्या हे अशा शाळेत शिकल्या होत्या.

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिल महिन्यात मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. आसामातील सिल्चर येथे राहत असता पतीच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली होती. ती त्यांनी वाचिली. राखेखाली निखारा राहावा तसे ते वाचन त्यांच्या मनात राहून गेले.

तान्ह्या मुलीस घेऊन बाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनींकडे त्या राहत होत्या. ह्या भगिनींनी लंडनजवळ पतित स्त्रियांसाठी चालविलेले एक आश्रमगृह त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांस सर्व जगाने टाकिले त्यांची सेवा ह्या भगिनी प्रेमाने करीत होत्या. असे करण्यास कोणती गोष्ट प्रवृत्त करते हे बाईंनी विचारिले, तेव्हा त्यांस योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखविण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी रमाबाई व मनोरमा ह्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे आमच्या उपदेशक बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाई स्वतः आपल्या साक्षीत सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचा जो प्राण तो प्रभू ख्रिस्त त्यांस पूर्णपणे सापडण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. त्या आठ वर्षांत त्यांनी अमेरिकेत प्रवास केला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी १८८७ मध्ये इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडिले. काम मोठे होते, नाव मोठे होते. तरी आपल्या अंतःकरणात काहीतरी उणे आहे हे त्यांनी ओळखिले आणि ते लपविले नाही. यशयाच्या ओठांस वेदीवरचा इंगळ लागला तो त्याने आपली अशुद्धता कबूल केल्यावर. ज्याला आपली थंडी कळत नाही तो शेकोटी शोधीत नाही.

१८९० मध्ये शारदा सदन पुण्यास आले. बाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे ठेवीत. कोणाही मुलीस त्या बोलावीत नसत, आणि आपण होऊन कोणी येऊन बसली तर तिला घालवीतही नसत. एवढ्यावरून १८९३ मध्ये मोठा गवगवा झाला, सल्लागार मंडळी दूर झाली, आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. बाईंनी दार लाविले नाही. प्रार्थना मोठ्याने करण्याचा किंवा कोणावर लादण्याचा हा प्रश्न नव्हता. दिवा मापाखाली ठेवावा की दिवठणीवर, एवढाच प्रश्न होता.

पुढे १८९६ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी आपण काय भोगिले ते बाईंस आठवले व त्या स्वतः तिकडे गेल्या. उपाशी विधवा व मुली शेकड्यांनी आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगाचे भय होते, म्हणून पुण्यापासून दौंडाच्या वाटेवर केडगाव येथे जी जमीन फळझाडांसाठी घेतली होती तेथे त्यांस नेण्यात आले. हेच मुक्ती सदन होय. १९०० मध्ये गुजराथेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या, आणि एकंदर संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. तेथे विणकाम, शेती, छापखाना, गाईम्हशी, अंधांची शाळा, सर्व काही स्त्रियांच्या हाताने चाले. ही सर्व लाकडेच होती. परंतु बाईंस ठाऊक होते की लाकडांचा ढीग म्हणजे अग्नी नव्हे.

म्हणून त्यांनी शेजारच्या चुलीकडे पाहिले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे लहान लहान प्रार्थनामंडळांमुळे मोठी आत्मिक जागृती झाली असे त्यांच्या कानी आले. तेव्हा त्यांनी मनोरमाबाई व मिनी एब्रॅम्स ह्या अमेरिकन मिशनरी बाई ह्यांस तिकडे पाठविले. वेल्स देशातील जागृतीचीही बातमी आली. १९०५ च्या जानेवारीत बाईंनी मुक्तीतील मुलींस विचारिले की, सर्व हिंदी ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून माझ्याबरोबर रोज प्रार्थना करावयास कोण येईल? सत्तर जणी पुढे आल्या. वाढता वाढता त्या साडेपाचशे झाल्या. हे पाच महिने चालले. ह्या पाच महिन्यांत डोळ्यांस दिसेल असे काही घडले नाही, आणि तरी त्या रोज जमत गेल्या. आम्हांस असे वाटते की ह्या चरित्रात जर कोठे खरे सामर्थ्य असेल तर ते ह्याच पाच महिन्यांत आहे.

जूनमध्ये बाईंनी आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यासाठी स्वयंसेविका मागितल्या. तीस मुलींनी नावे दिली, आणि सामर्थ्य मिळावे म्हणून त्या वेगळी प्रार्थना करू लागल्या. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास त्यांपैकी एकीवर पवित्र आत्मा आला. तिच्या शेजारी निजलेली मुलगी जागी झाली तो आपल्या मैत्रिणीस ज्वाळांनी वेढिले आहे असे तिला दिसले. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि आता ओतणार, इतक्यात मैत्रीण जळत नाही असे तिच्या लक्षात आले. ह्या बादलीची आठवण आम्हांस नेहमी मोशेच्या झुडपाकडे नेते. होरेब डोंगराजवळ झुडूप पेटले होते व भस्म होत नव्हते. कारण देवाचा अग्नी पापास जाळितो, परंतु पाप्याचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नसते. तासाभरात वसतिगृहातील बहुतेक मुली जमल्या, आणि रडत, प्रार्थना करीत आपली पापे कबूल करू लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आपल्या नेहमीच्या शांत रीतीने योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. मध्येच मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि बाईंस बोलणे थांबवावे लागले.

त्या आवाजाविषयी पुढे पुष्कळांनी आक्षेप घेतले. बाईंनी मुलींची तोंडे बंद केली नाहीत, आणि आवाजालाच आत्मा समजण्यासही शिकविले नाही. शास्त्रात दोन्ही गोष्टी आहेत. कर्मेल डोंगरावर एलीयाच्या अर्पणावर अग्नी पडला, आणि त्याच एलीयास पुढे होरेबावर परमेश्वर अग्नीत भेटला नाही, मंद वाणीत भेटला. पन्नासाव्या दिवशी वरच्या माडीवर जिभा दिसल्या त्या अग्नीच्या होत्या. तसेच नादाब व अबीहू ह्यांनी आपल्या मनाचा अग्नी धुपाटण्यात घालून नेला तेव्हा ते मेले. अग्नी देवाकडचा की आपला, हे फळांवरून कळते. केडगावास फळ काय दिसले? मुलींच्या टोळ्या पाळीपाळीने खेड्यांत जाऊ लागल्या. एब्रॅम्सबाईंनी ह्या विषयावर एक पुस्तक १९०६ मध्ये लिहिले व त्याची प्रत दक्षिण अमेरिकेत चिली देशात आपल्या जुन्या सोबतिणीकडे पाठविली; तेथे १९०९ मध्ये मोठी जागृती झाली. केडगावने निखारा मागून आणिला होता, आता दुसऱ्यांनी केडगावाहून नेला.

आणि बाई? त्या पुन्हा लाकडे वाहू लागल्या. खेड्यातल्या साध्या बाईस समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र असावे म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि वर्षानुवर्षे भाषांतर केले. ऐकू कमी येऊ लागले, तरी काम थांबले नाही. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई, जिच्या हाती सर्व काम सोपवावयाचे होते, ती त्यांच्या आधी प्रभूकडे गेली. ज्या वेदीवर सर्व काही ठेविले होते तिच्यावर हेही ठेवून त्या मेजाजवळ बसल्या आणि राहिलेले काम पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनी जुळविलेले ते पवित्र शास्त्र १९२४ मध्ये बाहेर पडले.

प्रिय उपदेशक बंधूंनो व भगिनींनो, आपल्या मंदिरांत होमाची वेदी नाही आणि तिची गरजही नाही, कारण प्रभूचे अर्पण एकदाच झाले आहे. परंतु इब्रीकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी, ज्याची आपण उपासना करितो तो देव कसा आहे हे सांगताना लेखक अग्नीचीच आठवण देतो. ज्या उपदेशकास शनिवारी रात्री कंदिलाजवळ बसून उद्याचा पाठ वाचवत नाही. जो रिकाम्या बाकांकडे पाहून मनात कष्टी होतो. ज्याच्या मंडळीत दोन घरे वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. त्याने देवाने आपल्यास सोडिले असे म्हणू नये. त्याने राख सारून पाहावी. रोजचे वाचन, घरची प्रार्थना, मिटविलेले भांडण, आजाऱ्याच्या दाराशी घातलेली फेरी ही लाकडे आहेत, आणि ती आणण्यास बाईंसारखी विद्या लागत नाही. अग्नी कधी पडावा हे त्या प्रभूच्या हाती आहे. पाच महिने जमणाऱ्या मुलींपैकी कोणासही २९ जून ही तारीख ठाऊक नव्हती. पण त्या रात्री तो आला तेव्हा केडगावास लाकडे रचलेली होती. आपल्या गावीही ती रचलेली असावी, अशी प्रार्थना आपण करू या.