जॉन बॉइड डनलॉप

जॉन बॉइड डनलॉप (५ फेब्रुवारी १८४० - २३ ऑक्टोबर १९२१) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि आयर्लंडमध्ये स्थायिक झालेले पशुवैद्य व संशोधक होते. हवा भरलेला टायर सर्वप्रथम व्यवहारात उपयोगी ठरवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी करण्यासाठी त्यांनी हा टायर तयार केला. परंतु त्याची उपयुक्तता जगाला पटली ती शर्यतीच्या मैदानावर. वेग, पकड आणि टिकाऊपणा यांचा मेळ कसा घालावा, हा टायर उद्योगातील प्रश्न त्यांच्या काळापासून आजतागायत कायम आहे.

प्रारंभिक जीवन

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी झाला. एडिनबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे स्कॉटलंडमध्येच व्यवसाय केला. १८६७ मध्ये ते आयर्लंडमधील डाउनपॅट्रिक येथे गेले आणि पुढे बेलफास्ट शहरात स्थायिक झाले. मार्गारेट स्टीव्हनसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती. पशुवैद्य म्हणून बेलफास्टमध्ये त्यांचा चांगला जम बसला होता.

टायरची निर्मिती

त्या काळी सायकलींच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी असे. दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर अशी सायकल चालवणे त्रासदायक होते. १८८७ मध्ये डनलॉप यांनी रबराची नळी एका लाकडी चकतीभोवती गुंडाळून तिच्यात हवा भरली आणि वरून कापडाचे आवरण बसवले. ही चकती आणि तीनचाकीचे भरीव रबराचे चाक अशी दोन्ही त्यांनी अंगणात गडगडत सोडून पाहिली. भरीव रबराचे चाक वाटेतच थांबले. हवा भरलेले चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेले. म्हणजेच हवेमुळे केवळ धक्के कमी होत नव्हते, तर चाक गडगडताना वाया जाणारी शक्तीही वाचत होती. २८ फेब्रुवारी १८८८ रोजी मुलाच्या तीनचाकीवर या टायरची चाचणी झाली आणि त्याच वर्षी डनलॉप यांना पेटंट मिळाले.

शर्यतींमधील यश

१८ मे १८८९ रोजी बेलफास्टमधील क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धांत विली ह्यूम हे सायकलपटू डनलॉप यांचे टायर लावून उतरले. जाडजूड टायर पाहून प्रेक्षकांनी त्यांची थट्टा केली. मात्र सायकलींच्या चारही शर्यती ह्यूम यांनीच जिंकल्या. त्यानंतर इंग्लंडमधील लिव्हरपूल येथेही त्यांनी विजय मिळवले. हार्वे द्यु क्रो या डब्लिनमधील उद्योजकाचे मुलगे नावाजलेले सायकलपटू होते. नव्या टायरपुढे त्यांना हार पत्करावी लागली, तेव्हा द्यु क्रो यांनी या शोधात लक्ष घातले. १८८९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने डब्लिन येथे टायर कंपनी स्थापन झाली आणि डनलॉप यांनी आपले पेटंट तिच्या स्वाधीन केले.

पेटंटचा वाद

सुमारे दोन वर्षांनी डनलॉप यांचे पेटंट अग्राह्य ठरले. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच अशा टायरचे पेटंट घेतल्याचे उघड झाले होते. थॉमसन यांचे टायर घोडागाडीवर सुमारे १,२०० मैल, म्हणजे जवळपास १,९०० किलोमीटर, चालूनही टिकल्याची नोंद आहे. तथापि सायकली व मोटारगाड्या यांचा प्रसार तेव्हा झालेला नसल्याने तो शोध विस्मृतीत गेला होता. डनलॉप यांना त्याची कल्पना नव्हती.

मूळ पेटंट हातचे गेल्यावर कंपनीने पूरक शोधांचे हक्क मिळवले. डनलॉप यांचा टायर चाकाला चिकटवलेला असल्याने पंक्चर काढणे जिकिरीचे होते. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेला तार असलेला, सहज काढता-घालता येणारा टायर तयार केला. १८९१ चा वुड्स व्हॉल्व्ह आजही भारतातील साध्या सायकलींत आढळतो आणि तो अनेकदा डनलॉप यांच्याच नावाने ओळखला जातो.

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती ३० लाख पौंडांना विकली गेली. त्यांचे नाव जगभर पोहोचले. मात्र या उद्योगातील मोठ्या नफ्याचे ते धनी झाले नाहीत.

वेग आणि टायरचे आयुष्य

सुरुवातीच्या टायरमध्ये विणलेले कापड वापरले जाई. चाक फिरताना त्यातील उभे-आडवे धागे एकमेकांवर घासत; त्यामुळे उष्णता वाढून टायर आतूनच झिजत असे. समांतर दोऱ्यांच्या थरांमुळे हा दोष कमी झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी रबरात काजळी मिसळली जाऊ लागली आणि टायरचे आयुष्य कैक पटींनी वाढले. टायरला काळा रंग येतो तो या काजळीमुळेच.

शर्यतीच्या मार्गावर आजही उष्णता हाच निर्णायक घटक ठरतो. उच्च कार्यक्षमतेच्या टायरचे रबर मऊ असते आणि साधारण ८० ते १०० अंश सेल्सियस तापमानाला ते सर्वोत्तम पकड देते. वळणांवर टायरची बाहेरची कड अधिक झिजते. वारंवार तापल्याने व थंड झाल्याने रबर कडक होत जाते; म्हणून नक्षी शिल्लक असूनही पकड कमी झालेली असू शकते. नेहमीच्या रस्त्यावर हजारो किलोमीटर टिकणारा टायर शर्यतमार्गावर मोजक्याच दिवसांत संपू शकतो. त्यामुळे तेथे त्याचे आयुष्य किलोमीटरऐवजी फेऱ्यांत किंवा सत्रांत मोजणे अधिक योग्य ठरते. अमेरिकी पद्धतीत टायरवर झिजेचा अंक छापलेला असतो. १०० हा प्रमाण टायरचा अंक असून २०० अंकाचा टायर चाचणीच्या मार्गावर त्याच्या दुप्पट टिकतो, असा त्याचा अर्थ आहे. ही चाचणी सामान्य रस्त्यांवरील असल्याने शर्यतमार्गावरील आयुष्याचा अंदाज तिच्यावरून बांधता येत नाही.

भारत आणि महाराष्ट्र

डनलॉप कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधील हुगळी जिल्ह्यात साहागंज येथे टायरचा कारखाना सुरू केला. महाराष्ट्रात पुढे भांडुप आणि छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे अन्य कंपन्यांचे टायर कारखाने उभे राहिले. नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात नोसिल ही कंपनी रबर रसायने बनवते. रबर पक्के होण्याची क्रिया जलद करणारी आणि हवेतील ऑक्सिजन व ओझोनमुळे त्याला तडे जाऊ न देणारी अशी ही रसायने असून टायरचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून असते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग नवी मुंबईतील कळंबोलीपासून सुरू होतो. अशा मार्गावर सलग वेगाने जाताना टायरमध्ये हवा कमी असेल, तर त्याच्या बाजू सतत दुमडत राहतात, टायर तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो. शर्यतमार्गावर झिजवलेला टायर पावसाळ्यात अधिक घातक ठरतो, कारण उथळ नक्षीतून पाणी बाहेर फेकले जात नाही. मोटारगाडीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्यावर तो बदलणे आवश्यक असते.

मृत्यू आणि वारसा

उत्तरायुष्यात डनलॉप डब्लिन येथे राहत होते. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. डीन्सग्रेंज दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. वायुभरित टायरच्या इतिहासावरील त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेच्या १० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले. फ्रान्समधील ल मांस येथील शर्यतमार्गावरचा टायरच्या आकाराचा पूल त्यांच्याच नावाने ओळखला जातो.