टेरी फॉक्स : त्याची दौड आणि त्याचे घर

मुंबईत जानेवारी महिन्यात मॅरेथॉन शर्यत भरते. पहाटेच्या थंडीत हजारो माणसे धावू लागतात. त्यांतील अगदी थोडी जिंकण्यासाठी धावतात. पुष्कळजण एखाद्या रुग्णालयासाठी, एखाद्या शाळेसाठी, अपंगांच्या संस्थेसाठी निधी जमवावा म्हणून धावतात. रस्त्याच्या कडेला त्यांच्या घरची माणसे पाण्याच्या बाटल्या आणि नावांचे फलक घेऊन उभी असतात. आपले माणूस दुसऱ्यासाठी धावते आहे याचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. हा अभिमान रास्तच आहे. पण चार-पाच तासांनी ते माणूस घरी परत येणार, गरम पाण्याने पाय शेकणार, हे त्या सर्वांना ठाऊक असते. जिथे परत येण्याची खात्री नव्हती अशा एका दौडीची आणि तिच्यामागे उभ्या राहिलेल्या घराची ही कथा आहे. ती कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाची आहे.

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी विनिपेग शहरी झाला. वडील रोली रेल्वेच्या यार्डात सांधेवाल्याचे काम करीत. आई बेटी घर सांभाळी. थोरला फ्रेड, मग टेरी, त्याच्या पाठचा डॅरेल आणि धाकटी ज्युडिथ अशी चार भावंडे. घर श्रीमंत नव्हते, पण खाऊन-पिऊन सुखी होते. टेरी लहान असतानाच हे कुटुंब देशाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गेले आणि पोर्ट कोक्विटलम या गावी स्थायिक झाले. घरात सगळेच हट्टी. कुणी हार मानायची नाही, हा जणू त्या घराचा कुळाचार होता.

आठवीत असताना टेरीला बास्केटबॉलच्या संघात शिरायचे होते. उंची होती जेमतेम पाच फूट आणि खेळही बेताचाच. शिक्षकांनी त्याला लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळण्याचा सल्ला दिला. त्या वर्षी साऱ्या हंगामात मिळून त्याला मैदानावर एकच मिनिट खेळायला मिळाले. दुसरा एखादा मुलगा असता तर त्याने नाद सोडला असता. टेरी मात्र डग अलवर्ड या मित्राबरोबर सकाळ-संध्याकाळ सराव करीत राहिला. शाळा संपली तेव्हा सर्वोत्तम खेळाडूचा मान या दोघांना मिळून देण्यात आला. पुढे सायमन फ्रेझर विद्यापीठात त्याने शरीराच्या हालचालींचे शास्त्र हा विषय घेतला. शाळेत व्यायामशिक्षक व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती.

नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि उजवा गुडघा दुखावला. खेळाचा हंगाम बुडू नये म्हणून त्याने ते दुखणे अंगावर काढले. मार्च १९७७ मध्ये वेदना असह्य झाल्या तेव्हा हाडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. अपघाताचा या आजाराशी संबंध नव्हता, असे डॉक्टरांचे मत होते. उजवा पाय गुडघ्याच्या वर सुमारे १५ सेंटिमीटरवर कापावा लागला. टेरी तेव्हा १८ वर्षांचा होता. आपल्यापैकी बहुतेकजण आज त्याच वयाच्या आसपास आहोत. बारावीचा निकाल, प्रवेश, वसतिगृहातील खोली हेच आपले मोठे प्रश्न. त्याच्यापुढे प्रश्न होता तो जगण्याचा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतील बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिले. त्यात डिक ट्रॉम या माणसाची हकीकत होती. कृत्रिम पायाने त्याने १९७६ साली न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी केली होती. टेरीच्या मनात तिथेच बी पडले. पण त्याच्या धावण्याला खरे कारण मिळाले ते त्यानंतरच्या सोळा महिन्यांत. या काळात त्याला रसायनांचे जहाल उपचार घ्यावे लागले. शेजारच्या खाटांवर त्याच्यापेक्षा लहान मुले होती. काही बरी झाली, काहींच्या खाटा रिकाम्या झाल्या. त्याच्या वाचण्याची शक्यता निम्मी-निम्मी असल्याचे त्याला सांगण्यात आले होते. दोनच वर्षांपूर्वी ती शेकडा १५ होती. मधल्या काळात बदलले होते ते औषध, आणि औषध बदलले होते संशोधनामुळे. आपण जगलो ते कुणीतरी प्रयोगशाळेत केलेल्या कामामुळे आणि त्या कामाला पैसा लागतो, हा साधा हिशेब त्याने मनाशी मांडला. मला टेरीच्या चरित्रात हा हिशेब सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दैवाला दोष देत बसण्यापेक्षा आपल्यावर झालेल्या उपकाराची फेड कशी करता येईल, हे त्याने पाहिले.

१९७९ च्या फेब्रुवारीत त्याने धावण्याचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी अर्धा मैलच झाला. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी केलेला होता, धावण्यासाठी नव्हे. त्यामुळे डाव्या पायाने दोनदा उडी आणि मग कृत्रिम पायाचे एक पाऊल, अशी त्याची विचित्र चाल झाली. कापलेल्या भागाला जखमा होत, रक्त येई. तरी एकदा तो सलग १०१ दिवस धावला. एकशेदोनाव्या दिवशी थांबला तो दुखण्यामुळे नव्हे, तर नाताळच्या दिवशी तरी घरी बस, असे आईने सांगितले म्हणून. त्याच वर्षी प्रिन्स जॉर्ज या गावी १७ मैलांची शर्यत झाली. तीत तो सर्वांत शेवटी आला, पण शर्यत पुरी केली.

तोपर्यंत घरच्यांना वाटत होते की पोराला एखादी मॅरेथॉन पळायची आहे. आता त्याने खरा बेत सांगितला. अटलांटिक महासागरापासून पॅसिफिकपर्यंत सारा कॅनडा पळत ओलांडायचा, रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन, आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा गोळा करायचा. आईने कडाडून विरोध केला. वडिलांनी मुलाला ओळखले होते. कधी निघणार, एवढेच त्यांनी विचारले.

पुष्कळ लोक ही गोष्ट सांगताना वडिलांचे कौतुक करतात आणि आईचा विरोध झटकन ओलांडून पुढे जातात. मला तसे करवत नाही. ज्या आईने सोळा महिने मुलाला उलट्या होताना, त्याचे केस गळताना पाहिले, तिने हसतमुखाने त्याला हमरस्त्यावर सोडावे अशी अपेक्षा आपण का करावी? आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. गावाबाहेर शिकायला जायचे ठरले तेव्हा घरात आधी भीती आली आणि अभिमान पुष्कळ नंतर. म्हणून बेटीचा विरोध मला परका वाटत नाही. तिने शेवटी मुलावर विश्वास टाकला. तो भीती संपली म्हणून नव्हे, तर भीती असतानाच टाकला, आणि तिचा मोठेपणा मला त्यात दिसतो.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे टेरीने आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि दौड सुरू केली. मोटारगाडीत डग अलवर्ड होता. या दौडीचे नाव होते 'आशेची मॅरेथॉन'. सुरुवातीला वारा, पाऊस आणि बर्फ यांनीच स्वागत केले. पण पोर्ट ओ बास्क या १० हजार वस्तीच्या गावाने १० हजार डॉलर दिले. माणशी एक डॉलर! पुढे याच प्रमाणात साऱ्या देशाकडून, म्हणजे २ कोटी ४० लाख लोकांकडून माणशी एक डॉलर मागायचे त्याने ठरवले.

वाट सोपी नव्हती. दोघे मित्र थकून एकमेकांवर चिडू लागले, बोलेनासे झाले. तेव्हा १७ वर्षांचा डॅरेल भावाच्या मदतीला आला. पैसे गोळा करणे, सामान पाहणे आणि मुख्य म्हणजे भावाला हसवणे ही कामे त्याने केली. क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषिक लोकांना या दौडीचा पत्ताच नव्हता. मोटारी अंगावर येत, हॉर्न वाजवून त्याला रस्त्याच्या खाली ढकलीत. पण ओंटारिओत चित्र पालटले. ११ जुलैला टोरोंटो शहरात १० हजार लोक त्याच्यासाठी जमले आणि एका दिवसात एक लाख डॉलर गोळा झाले. इसाडोर शार्प हे मोठे हॉटेलमालक त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचा स्वतःचा मुलगा कर्करोगाने गेला होता. जाहिरातीसाठी नाव वापरू द्या, म्हणणाऱ्या कंपन्यांना मात्र टेरीने दारात उभे केले नाही. या दौडीतून कुणी नफा कमवायचा नाही, हा त्याचा नियम होता.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराच्या अलीकडे त्याला खोकल्याची उबळ आली, छातीत कळ उठली. रस्त्याच्या कडेला माणसे उभी होती म्हणून तो आणखी काही मैल धावला आणि मग गाडीत येऊन बसला. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते. आईवडील विमानाने धावत आले आणि मुलाला घरी घेऊन गेले. काही दिवसांतच दूरदर्शनवर झालेल्या एका कार्यक्रमात १ कोटीहून अधिक डॉलर जमले. फेब्रुवारी १९८१ पर्यंत एकूण निधी २ कोटी ४१ लाख डॉलरच्या वर गेला. माणशी एक डॉलर ही त्याची मागणी देशाने पुरी केली आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत पुरी झाली. २८ जून १९८१ रोजी पहाटे, तेविसावा वाढदिवस एक महिन्यावर असताना, घरच्या माणसांच्या सहवासात टेरी गेला. देशभर राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आले.

बहुतेक चरित्रे इथे संपतात. पण फॉक्स कुटुंबाची दौड इथून सुरू झाली, असे मला वाटते. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला टेरीच्या नावाने पहिली दौड झाली. तीन लाख माणसे चालली, धावली आणि ३५ लाख डॉलर जमले. या दौडीत क्रमांक नाहीत, बक्षिसे नाहीत. म्हातारा माणूस काठी टेकत आला तरी चालते. मुलाचे नाव विकायला पुष्कळ गिऱ्हाईक होते. त्याच्या घराने ते विकले नाही. जी आई दौडीला विरोध करीत होती तीच पुढे तीस वर्षे शाळाशाळांतून मुलाची गोष्ट सांगत फिरली. २०१० साली व्हँकूवरच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला ऑलिम्पिकचा ध्वज वाहणाऱ्या आठजणांत ती होती. २०११ मध्ये ती गेली आणि २०१६ मध्ये रोली गेले. भावंडांनी काम पुढे चालवले. आजवर जमलेला निधी ८५ कोटी डॉलरहून अधिक आहे. ही दौड अनेक देशांत पोचली आणि आपल्या मुंबईतही झाली. ज्या आजारात टेरीचा पाय कापावा लागला, त्यात आज अनेक रुग्णांचा पाय वाचवता येतो.

मुलाच्या पराक्रमाची तसबीर भिंतीवर लावून तिला हार घालणे सोपे आहे. आपल्याकडे बहुतेक घरे तेवढेच करतात आणि त्यात त्यांचा दोषही नाही, कारण दुःख मोठे असते. फॉक्स कुटुंबाने मात्र मुलाचे अर्धे राहिलेले काम आपले मानले आणि त्याचा हिशेब चोख ठेवला. मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण घरच्यांच्या अभिमानाच्या जोरावर इथवर आलो आहोत. तो अभिमान फेडायचा तर केवळ पदवीच्या कागदाने तो फिटणार नाही. आपल्याला मिळाले त्यातले काही ज्यांना मिळाले नाही त्यांच्यापर्यंत पोचले पाहिजे. थंडर बेजवळ, जिथे त्याची दौड थांबली त्या परिसरात, आज टेरीचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. त्याचे तोंड पश्चिमेकडे आहे, ज्या दिशेने त्याला जायचे होते त्या दिशेने.