स्वामीजींची खादी : झेंड्याचं कापड उदगीरचं, शिलाई नांदेडची

नांदेड : 15 ऑगस्टला आपण ज्या तिरंग्याला सलामी देतो, त्यातले कितीतरी झेंडे नांदेडात तयार होतात आणि त्यांचं कापड उदगीरला विणलं जातं. हे काम करणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती उभी राहिली ती स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकारानं.

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. 1920 ला लोकमान्य टिळक गेले, तेव्हा शाळकरी वयातच त्यांनी ठरवलं, लग्न करायचं नाही, देशाचं काम करायचं. पुढं कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलं. मजुराच्या घरची चूल कशावर पेटते ते तिथं कळलं. तब्येत ढासळली तसे ते निजामाच्या मुलखात आले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलं, संन्यास घेतला, मग अंबाजोगाईची शाळा सांभाळली. 1938 च्या सत्याग्रहात तुरुंग, 1947 ला पुन्हा तुरुंग. 17 सप्टेंबर 1948 चं तर आपल्याकडं लहान पोरालाही माहीत आहे.

बहुतेक भाषणं इथंच संपतात. मुक्ती मिळाली, पण हाताला काम कुठं होतं? नांदेडचा कापूस गाडीत भरून बाहेर जायचा आणि कापड होऊन दुप्पट-तिप्पट भावानं परत यायचा. स्वामीजी 1952 आणि 1957 ला लोकसभेवर निवडून गेले, तरी खादीचं काम त्यांनी सोडलं नाही. 1960 च्या दशकात नांदेडला समिती सुरू झाली.

खादीचा हिशेब साधा आहे. कापसाचे पेळू करायचे, त्याचं सूत चरख्यावर कातायचं, मागावर कापड विणायचं. धुणं, रंगवणं, अशोकचक्र छापणं, शिवणं, प्रत्येक टप्प्याला माणूस लागतो. शेतात काम नसलं की बाईला गाव न सोडता चार पैसे मिळतात. मोठी मिल बंद पडली की अख्खं शहर बसतं, ते नांदेडनं उस्मानशाही मिलच्या वेळी बघितलंच आहे. चरखा मात्र घरात असतो. मजुरी थोडी, हे खरंच. त्यामुळं तरुण पोरं मागावर बसायला तयार नसतात, हेही तितकंच खरं.

22 जानेवारी 1972 ला हैदराबादेत स्वामीजींचं निधन झालं. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहिता बदलली. आता यंत्रावरचा, पॉलिस्टरचा झेंडाही चालतो आणि तो स्वस्त पडतो. खादीच्या झेंड्याला तो भाव परवडत नाही, कारण त्यात कातणारी, विणणारा आणि शिवणारी अशी तिघांची मजुरी धरलेली असते. ग्रामपंचायतीनं, शाळेनं यंदाचा झेंडा घेताना कापड एकदा हाताला लावून बघावं.