माळ्यावरचा महाराष्ट्र : इतिहासाचार्य राजवाडे

महाराष्ट्राचा इतिहास शिकताना आपण पानिपतची लढाई वाचतो, पेशव्यांचे हुकूम वाचतो, गावोगावचे वतनाचे निवाडे वाचतो. पण हे सारे कागद मधली शंभर-दीडशे वर्षे होते कुठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्यांतले पुष्कळसे लोकांच्या राहत्या घरांत दडलेले होते. माळ्यावर, तळघरात, भिंतीतल्या बळदात, देवघराशेजारच्या कोनाड्यात, रुमालात घट्ट बांधून ठेवलेले. ते उजेडात आणण्यासाठी ज्यांनी सारा जन्म वेचला, त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्याविषयी मी यंदाच्या सुट्टीत वाचले. त्यातून मनात जे उमटले ते येथे लिहीत आहे.

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई येथे झाला. वडील लहानपणीच वारले. घरची स्थिती बेताची. पैशाअभावी कॉलेजच्या शिक्षणात खंड पडला, शिकवण्या करून पोट भरावे लागले. डेक्कन कॉलेजातून बी. ए. होईपर्यंत त्यांनी वयाची पंचविशी ओलांडली होती. आपल्यापैकी ज्यांची फी वेळेवर भरली जात नाही त्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे काही काळ त्यांनी पुण्यात शिक्षकाची नोकरी केली आणि सोडली. १८९४ साली ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. परक्या भाषांतले उत्तम ग्रंथ मराठीत यावेत अशी त्यांची तळमळ होती. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतरही त्यांनी केले. लग्नानंतर थोड्याच वर्षांत पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही.

याच सुमारास वाईतल्या एका जुन्या घराण्याचे दप्तर त्यांच्या हाती आले. त्यात पानिपतच्या काळातली अस्सल पत्रे होती. ती वाचताना त्यांच्या ध्यानात आले की, बखरींवर विसंबून लिहिलेला इतिहास जागोजागी चुकलेला आहे. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. असे २२ खंड त्यांच्या हातून झाले.

कागद घरांत का दडवले होते, हे समजून घेतल्याशिवाय राजवाड्यांच्या कष्टांची कल्पना येणार नाही. पूर्वी कागद म्हणजे हक्क होता. वतन, इनाम, शेतसारा, भाऊबंदांची वाटणी, सगळे त्या मोडी ओळींवर अवलंबून. जुन्या घरात जे मोलाचे ते दृष्टीआड ठेवण्याची रीतच होती. वास्तुशांतीच्या वेळी वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात, धान्य जमिनीखालच्या पेवात उतरवीत, दागिने भिंतीत चिणीत. तसेच कागद. त्यात इंग्रजी अमदानीत इनाम कमिशन आले. १८५२ च्या कायद्याने त्याला मोठे अधिकार मिळाले आणि पुराव्याअभावी अनेकांची इनामे गेली. तेव्हा कागद मागायला आलेल्या परक्या माणसाचे लोकांना भय वाटावे यात नवल नाही.

अशा दारांवर राजवाडे जाऊन उभे राहत. सरकारी पेशवे दप्तर त्या काळी संशोधकांना मोकळे नव्हते. त्यातले निवडक कागद सरदेसायांच्या संपादनाखाली ४५ भागांत छापले गेले ते १९३० नंतर, राजवाड्यांच्या पश्चात. म्हणून त्यांना घरोघर हिंडणे भाग होते. अंगावर साधे कपडे, हाताने केलेला स्वयंपाक, बहुतेक वाट पायी. कोठे मालक भेटत नसे, कोठे भेटूनही कुलूप उघडीत नसे. कोठे वाळवीने दप्तराचा भुगा केलेला असे. ज्या अंधाराने कागद चोरापासून वाचवला, त्याच अंधारात तो कुजत होता.

येथे थोडे घरचे सांगते. माझे वडील गवंडी आहेत. अलीकडे बांधण्याइतकेच पाडण्याचेही काम त्यांना मिळते. तालुक्याच्या गावातला एक वाडा पाडताना आतल्या भिंतीत पोकळी लागली आणि तीत फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा निघाला. मालक मंडळी शहरात. गठ्ठा मातीबरोबर ट्रॉलीत गेला. वडिलांना अक्षर येत नाही, पण अक्षराचा मान आहे. त्यांनी एक पान खिशात घालून घरी आणले. कॉलेजात आल्यावर मी मोडी शिकायला लागले ती त्या पानापायी. अजून सगळे लागत नाही. वरचा ‘श्री’ लागला, चुना आणि गूळ हे शब्द लागले, काही आकडे लागले. बांधकामाचा हिशेब असावा असे आमच्या सरांचे मत आहे.

मला आधी वाटे की, दप्तरांतला इतिहास वाडेवाल्यांचाच; आपल्यासारख्यांचे त्यात काय असणार? राजवाड्यांच्या कामाने माझा हा समज बदलला. त्यांनी लढायांच्या पत्रांबरोबर निवाडे, महजर, वतनांचे तंटे असले कागदही छापले. महजरावर साऱ्या गावाची साक्ष असे. ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी करी. कुणब्याचा नांगर असे, बलुतेदार आपल्या हत्याराचे चित्र काढी. म्हणजे निरक्षर माणूसही त्या रुमालात हजर आहे. त्याला ओळखणारा मात्र हवा.

१९१० साली ७ जुलैला राजवाड्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पण स्वभाव तापट. मतभेद झाले आणि ते मंडळातून बाहेर पडले. शेवटची वर्षे त्यांनी धुळ्यात काढली. ‘राधामाधवविलासचंपू’, ‘महिकावतीची बखर’ ही त्यांची संपादने या उत्तरकाळातली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह जतन केला.

थोर माणसाच्या चरित्रात उणेही सांगावे. जातींविषयीची त्यांची काही मते आज पटण्यासारखी नाहीत. आणखी एक गोष्ट मनाला लागते. मराठवाड्यात त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. १९०९ साली त्यांनी ती छापली. पण तिची मूळ प्रत पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. साऱ्या महाराष्ट्राची कुलुपे उघडणाऱ्या या माणसाच्या हातून एक अमोल वस्तू कायमची दृष्टीआड गेली. कागद एकट्याच्या हाती राहिला की त्याचे काय होते, हे यातूनही शिकावे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आज गावोगावचे वाडे झपाट्याने पडत आहेत. पाडणारे हात पुष्कळदा आपल्याच घरातले आहेत. राजवाड्यांना मालकाची विनवणी करावी लागली. आपल्याला भिंतीत काय निघाले ते जेवताना आईवडिलांकडून कळते. एवढी जवळची वाट त्या काळच्या विद्वानांनाही नव्हती. तेव्हा काही निघाले तर ते उन्हात टाकू नका, ओले असेल तर ओढून उलगडू नका, कोणत्या घरात, कोणत्या भिंतीत मिळाले ते लगेच लिहून ठेवा, आणि मालकाला विचारून इतिहास विभागात घेऊन या. मोडीच्या वर्गात सध्या आम्ही सहाजण आहोत. बाक अजून बरेच रिकामे आहेत.